चाकू हातात देऊ नये

चाकू घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहसा 'चाकू दाखवा' असं म्हणत नाही. ते आधी अडकित्त्याची चौकशी करतं, मग कात्र्यांकडे बघतं, हवापाण्याचं बोलतं आणि पायरी उतरता उतरता आठवल्यासारखं करून विचारतं, "खिशात मावेल असा एखादा चाकू असेल का? फळंबिळं सोलायला." भाजीची सुरी हवी असलेली माणसं सरळ येतात, सरळ मागतात आणि भरपूर घासाघीस करतात. फळं सोलणारे घासाघीस करत नाहीत. मी त्यावरूनच ओळखायचे.

गिरगावातल्या आमच्या दुकानात माझा जन्म गेला. मी गल्ल्यावर बसायला लागले ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. सकाळी मोर्चा, दुपारी हरताळ, संध्याकाळी संचारबंदी असे दिवस होते. त्या दिवसांत मुंबईत फळं सोलणारी माणसं एकाएकी फार वाढली. फळबाजार बंद असायचा, ती गोष्ट वेगळी.

दुकान माझ्या वडिलांचं, आबांचं. ते मूळचे कुडाळकडचे, परळच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणी सोडल्यावर त्यांनी सुऱ्या, विळ्या, कात्र्या, अडकित्ते, चाकू विकायचं आणि त्यांना धार लावून द्यायचं दुकान काढलं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "धार बोटाला कळते, गिऱ्हाइकाचं तोंड बोटाला कळत नाही," असं म्हणून त्यांनी मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे धारेच्या चाकाशी बसले. चाकूच्या दुकानात तरणी पोरगी बघून माणसं दचकायची. एकदोघं तर "घरात कोणी मोठं नाही का?" असं विचारून परत गेले. नंतर सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

आता नातवाचे मित्र डोंगर चढायला निघाले की मला विचारतात, आजी, रोज जवळ बाळगायला कुठला चाकू घ्यावा? मी सांगते ते आबांचंच. पातं आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढं पुरे. त्याहून लांब पात्याने फळ नीट सोललं जात नाही, खिसा मात्र फाटतो, आणि हवालदाराने हटकलं तर उत्तर सुचत नाही. चकाकीला भुलू नये. न गंजणारं पोलाद दिसायला देखणं, पण आमच्या वेळी तरी त्याला धार टिकत नसे. साधं पोलाद काळं पडतं, गंजतं, पण दगडावर चार हात फिरवले की पुन्हा कामाला तयार होतं. चाकू उघडून पातं दोन बोटांत धरायचं आणि आडवं हलवून बघायचं. खिळ्यापाशी जरा जरी डुगडुगलं तरी तो परत ठेवायचा. आणि मिटताना कान द्यायचा. चांगला चाकू मिटताना एकच आवाज करतो, कडक सुपारी फुटल्यासारखा.

आमच्या दुकानाच्या दोन रीती होत्या. पहिला काप गिऱ्हाइकाने आमच्यासमोर घ्यायचा आणि तो लिंबावर. लिंबाचा रस लागला की साध्या पोलादावर थोड्या वेळात निळसर काळा डाग चढतो, म्हणजे माल अस्सल आहे हे गिऱ्हाइकालाच दिसतं. लोकांना वाटायचं की आम्ही दृष्ट काढतोय. आम्ही ती समजूत कधी मोडली नाही. दुसरी रीत अशी की चाकू हातात द्यायचा नाही. हातातून हातात गेला की देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं, असं आबा म्हणायचे. मिठाचं जसं करतात तसंच. आम्ही चाकू फळीवर ठेवायचो आणि गिऱ्हाईक तिथून उचलायचं. जो उचलेल त्याचा.

राहिला प्रश्न संरक्षणाचा. खटक्याने उघडणारे लांब चाकू आम्ही ठेवतच नव्हतो. ते मागणाऱ्यांना तर फळांचं नाव घ्यायचंही सुचत नाही. आमचा खिशातला चाकू साधा, नखाच्या खाचेत नख घालून उघडायचा. त्याच्या पात्याला मागून अडवणारं काही नसतं, एक पट्टी नुसती दाबून धरते. सुतळी, सुपारी, पेन्सिल, आंबा, सगळं त्याने कापावं. पण घाबरून कुठे भोसकायला गेलं, की टोक अडतं आणि पातं मागे फिरून आपल्याच बोटांवर बसतं. म्हणून आमच्या गल्ल्याखाली आयोडिनची बाटली आणि कापसाचा पुडका कायम असे. दंगलीच्या दिवसांत मी किती बोटं बांधली ते मोजलं नाही, पण एकही बोट हल्लेखोराचं नव्हतं, सगळी मालकांची होती.

हे मी प्रत्येकाला सांगायचे आणि तरी चाकू विकायचे. ते दुकान होतं, धर्मशाळा नव्हे. माहीमच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी कोयत्याला धार लावायला यायची. फळीवर मांडलेले चाकू बघून ती एकदा म्हणाली, "यो खेलना हाय गो पोरी." मी म्हटलं, "लोक जिवाच्या भीतीने नेतात, आजी. तुम्ही तर पहाटे एकट्या बंदरावर जाता. तुमच्याजवळ काय असतं?" ती म्हणाली, "मना टोपली हाय न् तोंड हाय." मला ते शस्त्र विकता आलं असतं तर आमची भरभराट झाली असती.

आता ज्या दोन चाकूंसाठी हे लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

आम्ही राहायचो त्या चाळीत आमची खोली तळमजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर गोविंदराव आणि मगनभाई शेजारी शेजारी. गोविंदराव बंदरावरच्या एका कचेरीत कारकून, मगनभाई कापडाच्या पेढीवर मुनीम. दोघांच्या मधे एक भिंत आणि पुढे एकच गॅलरी. आमच्या चाळीत दिवसा दार लावलेलं दिसलं तर लोक विचारायचे, कोण आजारी आहे? या दोघांची दारं तर मी कधी लावलेली पाहिली नव्हती. गोविंदरावांच्या मुली लहानपणी रांगत रांगत मगनभाईंच्या चुलीपर्यंत जायच्या आणि जशोदाबेनच्या हातचं खाऊन तिथेच झोपायच्या. गोविंदरावांच्या घरच्या कमलकाकूंची पुरणपोळी पहिल्यांदा शेजारी जायची, मग नैवेद्याला. त्या दोन घरांचं कधी विळ्याभोपळ्याचं सख्य नव्हतं, खरोखरचं होतं.

मुंबई कोणाची हा वाद पेटला आणि शहराची हवा बिघडली. एका दुपारी गोविंदराव दुकानात आले. अडकित्ते बघितले, कात्र्या बघितल्या.

"फळं सोलायला काही आहे का गं?"

"कुठली फळं, काका? कलिंगडाला वेगळा लागतो, चिकूला वेगळा."

त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "सुमन, दिवस बरे नाहीत. घरात दोन मुली आहेत. आणि शेजारी कोण राहतं ते तुला ठाऊकच आहे."

"मगनकाका राहतात."

"तेच म्हणतोय मी."

मी शिंगाच्या मुठीचा एक चाकू काढून फळीवर ठेवला. अशा गिऱ्हाइकांची मी एक परीक्षा घ्यायचे, तीही घेतली. "खिशात ठेवा, काका. आता समजा मी चोर आहे आणि अंगावर आले. काढा." त्यांनी कोटाचे खिसे चाचपले. तपकिरीची डबी निघाली, रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या, शेवटी चाकू निघाला. पण उघडेना. त्यांना नखंच नव्हती. कचेरीतला हिशेब जुळेपर्यंत नखं कुरतडायची त्यांची जुनी खोड. खाचेत नख जाईना, नुसतं बोट घसरे. "चोर तुमच्यासाठी थांबला असेल का?" मी विचारलं. ते बिचारे खरोखर ओशाळले.

मग मी चाकू मागे नेला आणि गोल कानशीने ती खाच रुंद आणि खोल केली, बिननखाचं बोटही अडकेल अशी. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं, कोणी केलेलं पाहिलंही नव्हतं. आबांनी बोटाने चाचपून बघितलं आणि "बरा जमला" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप. गोविंदरावांनी लिंबू कापलं, चाकू उचलला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मगनभाई आले.

"सुमनबेन, एक चाकू आपो ने. फ्रूट कापायला."

त्यांना मी कलिंगड-चिकू विचारलं नाही. पुढे तेच म्हणाले, "मी पेढीवर असतो, घरी जशोदा एकली. गोविंदभाई देवमाणूस आहे, पण बाहेरची हवा त्याच्या घरात पण शिरते ने."

मी त्यांच्यापुढे चारपाच चाकू मांडले. त्यांनी उचलला तो नेमका शिंगाच्या मुठीचा, गोविंदरावांच्या चाकूचा जुळा भाऊ. खाच तेवढी साधी होती. मगनभाईंची नखं व्यवस्थित वाढवलेली, त्यामुळे चाकू एका झटक्यात उघडला. मी त्यांना बजावलं, "काका, हा कापायला आहे, भोसकायला नाही. टोक अडलं तर पातं तुमच्याच बोटांवर येईल."

"मला कुठे कोणाला मारायचं आहे, बेन? जवळ असला म्हणजे झोप लागेल."

"झोपेसाठी लोक उशी घेतात, काका."

ते हसले. लिंबू कापायला त्यांनी जरा आढेवेढे घेतले, त्यांना ते करणीचं वाटलं. पण कापलं. पायरीवरून वळून विचारलं, "आपल्या चाळीतून दुसरं कोणी घेऊन गेलं का?"

"दुकानातलं दुकानात राहतं, काका," मी म्हटलं.

तो आबांचा नियम होता. डॉक्टर रोग्याचं सांगत नाही, तसं आम्ही धारेचं सांगत नाही. पुष्कळांनी मला नंतर सुनावलं की, तू दोघांनाही सांगून टाकायचं होतंस. मला अजूनही तसं वाटत नाही. सांगून भीती गेली नसती, तिला नुसता पुरावा मिळाला असता. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी वर पाहिलं, तर दोन्ही दारं लावलेली होती आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी विचारत होतं, वर कोण आजारी आहे?

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गडबड झाली. दिवेलागणीची वेळ होती. सोड्याच्या बाटल्या फुटल्याचे आवाज, माणसांचं धावणं, चाळीतले दिवे पटापट मालवले गेले. कोणीतरी जिन्यावरून धावत वर गेलं आणि गच्चीकडे पळालं. पुढे काय झालं ते मला दोघांकडूनही वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि ते अगदी सारखं होतं. मगनभाईंना दाराबाहेर पावलं ऐकू आली, म्हणून ते चाकू उघडून बाहेर आले. गोविंदरावांना मगनभाईंच्या दाराची कडी ऐकू आली, म्हणून तेही चाकू उघडून बाहेर आले. अंधाऱ्या गॅलरीत दोघं समोरासमोर. मगनभाई दचकून मागे सरले, हात चौकटीवर आपटला, चाकूचं टोक लाकडात अडलं आणि पातं मिटलं ते त्यांच्या बोटांवर. अगदी मी सांगितलं होतं तसं.

मला बोलावणं आलं. आयोडिनची बाटली घेऊन मी वर गेले तेव्हा मगनभाई उंबरठ्यावर बसले होते आणि गोविंदराव आपलं उपरणं फाडून त्यांची बोटं आवळून धरत होते. कमलकाकू हळद घेऊन धावल्या होत्या. चारही माणसं एकमेकांची विचारपूस करत होती, फार दुखतंय का, पाणी देऊ का, चक्कर येतेय का. तुमच्या हातात चाकू कशाला होता, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही. जखम खोल होती पण हाड वाचलं होतं. जशोदाबेननी खाली पडलेले दोन्ही चाकू पदराने पुसले, मिटले आणि दोन दारांच्या मधल्या खिडकीत ठेवले. सकाळी दोघांनी एकेक उचलला.

मला वाटलं, आता दारं उघडतील. झालं उलटंच. भीती होती तेव्हा दारं लावलेली होती तरी माणसं बोलत होती. आता लाज आली, आणि लाजेने बोलणंही गेलं. नळावर भेटले की दोघं "बरं आहे ना?" म्हणत आणि बादलीकडे बघत. उन्हाळ्यात मगनभाईंनी घाटकोपरला जागा बघितली. सामान उतरवायला गोविंदराव पुढे होते. लाकडी कपाटाचं एक टोक त्यांनी धरलं होतं, एक मगनभाईंनी. निरोप अगदी गोड झाला. चाळीतलं एक शहाणं माणूस म्हणालं, सुंठीवाचून खोकला गेला. मला त्याचा फार राग आला. खोकला कोणाला झाला होता?

त्या रिकाम्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. गोविंदरावांच्या दाराची एक फळी तरीही लावलेलीच असायची.

आमच्या धंद्याचा सण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजतात, आणि त्याच्या आधी लोक विळीपासून वस्तऱ्यापर्यंत सगळं धारेला आणतात. आम्ही विकलेल्या मालाला त्या दिवसांत फुकट धार लावून द्यायचो. धारेला आलेलं हत्यार हातात घेतलं की त्याने वर्षभर काय केलं ते कळतं. आंब्याचा चीक वेगळा डागतो, सुपारी वेगळी झिजवते. पेन्सिली तासणाऱ्याचा चाकू टोकाकडे बोथट असतो. फळं सोलायला म्हणून नेलेले चाकू त्या वर्षी पुष्कळ परत आले. बहुतेक कोरे होते.

गोविंदरावही आले. विळी, अडकित्ता आणि तो चाकू. "हा उघडतच नाही गं," ते म्हणाले. "त्या दिवसानंतर ट्रंकेत टाकला होता. काल पूजेला काढला, तर हलेना. गंजला वाटतं."

मी खाच बघितली. ती मी कोरलेली खाच नव्हती. साधी होती, नखवाल्या माणसाची.

तेलाचे थेंब सोडून मी चाकू उघडला. पातं वरून ठीक होतं, पण खिळ्याच्या फटीत, जिथे जशोदाबेनचा पदर पोचला नव्हता, तिथे काळपट तांबूस पापुद्रा साचला होता. तो नुसता गंज नव्हता. मी काडीने तो काढला आणि कागदावर ठेवला.

"काका, हा तुमचा चाकू नाही," मी म्हटलं. "खिडकीतून उचलताना अदलाबदल झाली. तुमचा घाटकोपरला आहे. हा मगनकाकांचा. आणि हे त्यांचं रक्त आहे."

ते कागदाकडे बघत राहिले. आबांनी मागे चाक थांबवलं होतं.

"म्हणजे इतके महिने हे माझ्या कपड्यांत होतं," गोविंदराव म्हणाले. मग म्हणाले, "सुमन, आमच्यात भांडण कधी झालंच नाही गं. एक शब्द वेडावाकडा नाही. भांडलो असतो तर समेट तरी करता आला असता. आता कशाचा समेट करू?"

त्यांचे डोळे भरले होते. मी आपलं काम केलं. दगडावर धार काढली, सांधा पुसला, तेल लावलं आणि चाकू फळीवर ठेवायला हात पुढे केला. तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "फळीर ठेवू नको, बाय. तेंच्या हातात दी."

मी वळून बघितलं. एवढ्या वर्षांत आबांनी कोणाच्या हातात चाकू दिला नव्हता.

"गोविंदराव," आबा म्हणाले, "घाटकोपराक जावा आणि मगनभाईच्या हातात देवा. खाली ठेवू नकात. भांडण होतला तर होऊ दे."

मी मिटलेला चाकू गोविंदरावांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ बंद केली आणि ते पायरी उतरले. विळी आणि अडकित्ता दुकानातच विसरले.

दसरा झाला. पुढच्या रविवारी ते घाटकोपरला जाणार असल्याचं कमलकाकू नळावर बोलल्या. सोमवारी कचेरीतून परतताना ते दुकानात आले आणि खिशातून चाकू काढून फळीवर ठेवला. माझी खाच. त्यांनी बिननखाचं बोट त्यात अडकवून तो उघडून दाखवला, मुलाने परीक्षेचा निकाल दाखवावा तसा.

"हातात दिलात?" मी विचारलं.

"हातात दिला. त्यांनीही हा हातातच दिला."

"मग?"

"मग भांडलो. दुपारपासून दिवे लागेपर्यंत. जशोदाबेन मधे पडल्या तर त्यांनाही दोघांनी गप्प बसवलं. शेवटी जेवूनच निघालो."

"एवढं कशावरून भांडलात, काका?"

गोविंदरावांनी चाकू मिटला. एकच आवाज आला, स्वच्छ.

"दार आधी कोणी लावलं, त्यावरून," ते म्हणाले.

ते भांडण काही मिटलं नाही. मगनभाई चाळीत परत राहायला आले नाहीत, ती खोली गेली ती गेलीच. पुढे राज्य झालं, खरं तर एकाच दिवशी दोन झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांना पेढे दिले आणि ते खातानाही भांडले. दर खंडेनवमीला मगनभाई घाटकोपरहून चाकू घेऊन यायचे, गोविंदराव चाळीतून यायचे, आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून दोघं तेच भांडण नव्याने सुरू करायचे. "तुमी आधी लावलं." "मी तुमची कडी ऐकली, मग लावलं." मी धार लावत ऐकत असायचे. दोघंही चांगले म्हातारे होईपर्यंत हे चाललं, आणि त्या दोन चाकूंना तोपर्यंत खरोखरच फळांचे डाग पडले होते.